पाणगवताचं पार्सल

वडिलांनी उभ्या आयुष्यात टपालाने कधी काही पाठवलं नव्हतं. नांदेडकडे डोंगरकडा गावाजवळ आमची केळी आणि हळद. माल जायचा तो ट्रकने, तोही ट्रकवाल्याशी भांडून. पण दोन हजार सालाच्या आसपास, उन्हाळ्याच्या सुटीत माझी दहा वर्षांची लेक माझ्यासोबत पुण्याहून गावी आली आणि कॅनॉलच्या कडेला बसून पाण्यातलं लांब पातीचं गवत बघत राहिली. घरी तिच्याकडे काचेच्या टाकीत पाच मासे होते. "आबा, हे माझ्या टाकीत किती छान दिसेल!" असं ती आजोबांना म्हणाली. एरवी ती त्यांना बिचकून असायची. आपणहून बोललेलं तिचं ते पहिलंच वाक्य असावं.

झालं, म्हातारा पेटला. आम्ही पुण्याला परतून आठवडा होतो न होतो, तोच पोस्टमन दारात उभा. दोन बोटांत धरलेलं पार्सल टपटप गळत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी फार वाईट मत होतं. वडिलांनी पिशवीत गळ्यापर्यंत पाणी भरून गवत पाठवलं होतं. पिशवी वाटेत फुटली आणि आत राहिला काळा लगदा. घरातला वास दोन दिवस हटेना.

मी गावातल्या दुकानात फोन करून वडिलांना बोलावून घेतलं; आम्ही त्यांना दादा म्हणायचो. "दादा, एवढं पाणी काहून भरलं?"

"पाण्यातलं झाड पाण्याबिगर जगंल व्हय?" ते माझ्यावरच डाफरले.

प्रवासात नुसता ओलावा पुरतो, गवत निथळून ओल्या कागदात गुंडाळायचं, पिशवीत हवा ठेवून तोंड बांधायचं, असं मी माशांच्या दुकानात ऐकलेलं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे इड्याची पानं बांधतेत तसं म्हण की. आधी सांगायचं ना!"

दुसरं पार्सल बघून मीच चाट पडलो. आत ओला पेपर, त्यावर फुगवून बांधलेली पिशवी, आणि बाहेरून केळीच्या खांबाचं गार, जाड सोपट, म्हणजे सोललेली साल, सुतळीने आवळलेलं. गावच्या टपालात पडून राहू नये म्हणून ते वारंगा फाट्यावरून बस धरून नांदेडला गेले होते आणि तिथून स्पीड पोस्टाने त्यांनी ते पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी हातात पडलेलं गवत नुकतंच उपटल्यासारखं हिरवंगार होतं. लेकीने नाचत नाचत ते टाकीत लावलं.

संध्याकाळी एक मासा आडवा झाला. सकाळपर्यंत तीन गेले. मी धावतपळत पाणी बदललं, गवत फेकलं, तेव्हा कुठे दोन वाचले.

पुन्हा फोन केला. "पाठवायच्या आधी गवताला काय केलंत?"

"हळदीच्या बेण्याला करतो तेच की. औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत निथळलं. वाटंत कूज लागू न्हाई म्हून." किती अभिमानाने सांगत होते! आमच्याकडे बेणं कीडनाशक औषधात बुडवल्याशिवाय शेतात जात नाही, आणि दुसऱ्याला तसंच कोरडं देणारा माणूस निष्काळजी समजला जातो. त्यांनी नातीसाठी आपल्या परीने सगळ्यात चांगलं तेच केलं होतं. हे मला कळत होतं, पण माझा राग कायमचा नाकावर. मी ओरडलो, "तुम्ही मारलेत तिचे मासे!"

पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

लेक रडली नाही. "आता गावाकडचं काहीच नको," एवढंच म्हणाली आणि उरलेल्या दोन माशांवर पहारा देऊ लागली. पुढचा महिनाभर फोनवर फक्त आई यायची. वडील शेतात आहेत, म्हणायची. मीही त्यांचाच मुलगा, मीही विचारलं नाही.

मग तिसरं पार्सल आलं, माझ्या नव्हे, लेकीच्या नावावर. ती हात लावेना, म्हणून मी सोडलं. गवतावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. चौथी शिकलेल्या माणसाचं मोठं, कोरून काढलेलं अक्षर. मी मोठ्याने वाचू लागलो:

"लेकरा, मी चुकलो. याला औषध लावलं न्हाई. नव्या माठात ठिवलं आन् कॅनॉलातले चार बारके मासे त्यात सोडले. आठ दिवस झाले, चारीबी खेळून राहिले. तरीबी मन मानंना, म्हून त्यातलं तांब्याभर पाणी मी पेलो. कालपासून मला काई तकलीफ न्हाई. आता बिनघोर टाक. तुला वाटलं तरच टाक."

लेकीने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. गवताकडे तिने बघितलंही नाही. "बाबा, फोन लावा," म्हणाली.

दुकानदाराने त्यांना बोलावून आणेपर्यंत ती रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभी होती.

"आबा," ती म्हणाली, "तुमचं पोट दुखत नाही ना?"

मी तिच्या कानाजवळ कान नेला.

"न्हाई गं माय," ते म्हणाले. "तुझे मासे कसे हायेत?"