करीमचाचांनी आवळलेलं झाकण

करीमचाचांनी पाण्याची बाटली बंद केली की ती आमच्यापुरती संपली. आत पाणी दिसायचं, घशाला कोरड पडलेली असायची आणि झाकण काही केल्या फिरायचं नाही. शेवटी बाटली पुन्हा त्यांच्याकडेच न्यावी लागे. ते आधी आपली कीव आल्यासारखं बघणार, मग शर्टाच्या टोकात झाकण धरून एका हिसक्यात उघडणार, आणि आपण घोटभर पितो न पितो तोच बाटली ओढून घेऊन पुन्हा तशीच बंद करणार. लोणच्याची बरणी, डिझेलचा कॅन, नळाची तोटी, पिशवीची गाठ, त्यांच्या हातून काहीच सुटलं नाही. जेवणाच्या डब्याला ते दोरी बांधत. ती गाठ सोडता सोडता माझी भूक मरून जाई.

"ढिल्ला कारभार आपल्याला बिलकुल चालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर पुन्हा माझ्याकडे बघून, "तुझा सगळा कारभार ढिल्लाच हाय, दत्ता."

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या अगदी काठावर. खाली बंधारा आहे, त्यामुळे इथे पाणी फुगलेलं असतं, आणि पलीकडच्या गावांना पुलावरून जायचं म्हटलं तर भलामोठा वळसा पडतो. म्हणून माझी बोट. चाचा मूळचे जालन्याच्या मस्तगडातले, इंजिनं दुरुस्त करणारे. माझ्या बोटीचं इंजिन बसवायला आले आणि राहिलेच. मी राहा म्हटलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. घाटाजवळ एक खोली घेतली, जुम्म्याला मस्तगडला घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी इंजिनाशेजारी हजर.

आता त्या झाकणाबद्दल सांगायला हवं. आमच्या बोटीच्या बुडाला एक भोक आहे. ऐकणारा दचकतो, पण ते मुद्दाम ठेवलेलं आहे. त्यातून नदीचं पाणी नळीनं आत येतं, एका गोल डब्यातल्या जाळीतून गाळून पुढं जातं आणि इंजिनाला गार ठेवून बाहेर पडतं. या डब्याला आम्ही फिल्टर म्हणतो. त्याला वरून आट्यांचं झाकण आणि झाकणाखाली रबरी रिंग. नदीत जलपर्णी माजलेली असते, म्हणून रोज सकाळी भोकावरचा कॉक, म्हणजे तोटी, बंद करायचा, झाकण उघडून जाळीतला कचरा काढायचा आणि झाकण परत लावायचं. हाताला लागेल तेवढं घट्ट लावलं की पुरतं. चाचा आधी हातानं लावत, मग त्याच्यावर पाना चढवत आणि मग पान्यावर पाय देऊन उभे राहत.

एकदा लगीनसराईत बोट भरून निघाली होती. पलीकडे लग्न होतं आणि बोटीत नवरीचे मामा होते, गुलाबी फेटा बांधून, आहेराच्या भांड्यांची टोपली जवळ घेऊन बसलेले. नवरीला मांडवात त्यांनीच आणायचं होतं. नदीच्या मध्यावर आलो आणि इंजिनातून करपल्याचा वास यायला लागला. चाचांनी इंजिन बंद केलं, कॉक बंद केला आणि फिल्टर उघडायला बसले. फिल्टर उघडेना. पाना लावला, पाय दिला, मी लोंबकळलो, झाकण जागचं हललं नाही. बोट आपली हळूहळू बंधाऱ्याच्या दिशेला सरकायला लागली.

"कोणी लावलं हे इतकं?" मामा ओरडले.

"मीच. आज सकाळी."

"मंग उघडा की जल्दी! तिकडं पोरगी माझी वाट बघून राह्यली!"

चाचा मागे सरकले, कपाळ पुसलं आणि अशा कौतुकानं झाकणाकडे बघायला लागले की मला त्यांना नदीत ढकलावंसं वाटलं. "बघितलं का? कसं बसलंय! पाण्याचा थेंब आत येणार न्हाई."

"आवो चाचा, थेंब न्हाई येणार, पण आपण बंधाऱ्यावर जाऊ ना!" मी ओरडलो.

मग बोटीतल्या सगळ्यांनाच कंठ फुटला. कोणी म्हणालं, उलटं फिरवून राह्यलेत. एका बाईनं थर्मासमधला गरम चहा झाकणावर ओतला. दुसरीनं पायातली चप्पल काढून कडेकडेनं ठोकायला सांगितलं. चाचा चप्पल घेऊन ठोकत होते आणि मध्येच मला रबरी रिंग किती भारी आहे ते समजावत होते. शेवटी मामांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. तो नदीत बुडवून पिळला, झाकणाभोवती वेढा घातला आणि एक टोक मी, एक टोक मामांनी धरलं. चाचांनी दोन्ही तळव्यांनी झाकण वरून दाबलं. फेटा ताणला गेला, कट्ट असा आवाज झाला, झाकण फिरलं आणि मामा भांड्यांच्या टोपलीत जाऊन पडले.

चाचांनी जाळीतली जलपर्णी काढली, रिंग पुसली, झाकण लावलं. त्यावर पाना चढवला. आणि मग पान्यावर पाय द्यायला ते उठून उभे राहिले.

"चाचा!" बोटीतली सगळी माणसं एकदम ओरडली.

"मंग काय, ढिल्लं ठेवू?" ते म्हणाले आणि पाय दिलाच.

मामा वेळेवर पोहोचले. लग्नाच्या फोटोत त्यांच्या फेट्यावर ग्रीसचा काळा पट्टा दिसतो म्हणे. परत येताना बोट रिकामी होती, तेव्हा मी चाचांना मनसोक्त बोलून घेतलं. "चाचा, किती आवळता हो! माणसानं परत उघडायचं असतं का न्हाई?"

 चाचा इंजिनाकडे बघतच म्हणाले, "तुझ्याकडं यायच्या आधी माझी सोताची बोट व्हती, नदीच्या वरच्या अंगाला. तिचं झाकण मी हातानंच लावल्तं. इंजिनच्या थरथरीनं ढिल्लं झालं अन् कॉक खुला. पाणी घोट्याला लागलं तवा कळलं. तुझी चाची बोटीत व्हती. केसाला धरून वर काढलं तिला. तवापासून ती नदीकडं बघत बी न्हाई."

हे ऐकल्यावर त्यांना पुन्हा बोलायचं नाही असं मी ठरवलं.  पण दुसऱ्या दिवशी ते झाकण उघडताना माझ्या बोटांची सालं निघाली आणि तोंडातून शिव्या निघायच्या त्या निघाल्याच.

मागच्या पावसाळ्यानंतर चाचांना लकव्याचा झटका आला. हलकाच होता. उजवा हात गेला नाही, पण त्यातला जोर गेला. डॉक्टरांनी आराम सांगितला. चाचींचा मला सारखा फोन, "दत्ता भैया, उनको समझाओ. अब बस हुआ, घर भेज दो." दवाखान्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत चाचा घाटावर हजर. मी हात जोडले, भांडलो, बोट बंद करतो अशी धमकी दिली.

"मी गेलो तर झाकण कोण लावणार? तू?" त्यांनी माझ्या हातांकडे असं बघितलं की मी ते पाठीमागं घेतले. "माझ्यासारखं लावणारा एक माणूस दाखव, बराबर त्याच दिवशी जातो."

त्या सकाळी त्यांनी झाकण लावलं. पाना चढवला, पाय दिला, मानेच्या शिरा ताणल्या, सगळं नेहमीसारखं. ते चहाला गेले आणि मला बोटीच्या तळाशी ओल दिसली. फिल्टरच्या कडेनं पाणी झिरपत होतं. मी झाकणाला नुसता हात लावला आणि ते दोन बोटांनी फिरलं.  इतकी वर्षं ज्या झाकणानं माझा जीव नकोसा केला होता, ते असं मुकाट्यानं फिरताना बघून मला रडू आलं. मी ते घट्ट केलं, पाना लावला, इकडे तिकडे बघितलं आणि पान्यावर पाय दिला.

मग रोजचंच झालं. चाचा झाकण लावून चहाला गेले की मी ते आवळायचो, आणि दुसऱ्या दिवशी ते खोलीत नमाज पढत असताना गुपचूप सैल करून ठेवायचो, म्हणजे त्यांना ते उघडता यावं. एका झाकणाची दोनदा उठाठेव, तीही चोरासारखी. वर चाचांचं ऐकून घ्यायचं ते वेगळंच, "बघ दत्ता, हात पयल्यासारखा झाला! तू अन् तुझी चाची उगंच घाबरून राह्यलेत." आणि चाचींचा फोन आला की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटे. ज्यांना घरी पाठवायचं, त्यांना मीच बोटीला बांधून ठेवलं होतं. खरं सांगावं तर त्यांचं तोंड एवढंसं होईल. न सांगावं तर एक दिवस बोटीतच त्यांना काहीतरी व्हायचं. 

मध्यंतरी बहिणीच्या घराची वास्तुशांत होती म्हणून मी चाचांनी लावलेलं झाकण आवळून पिंपळगाव रेणुकाईला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी चाचांच्या नमाजाआधी घाटावर पोहोचायचं ठरवून रात्रीच निघालो होतो, पण घनसावंगीत जीप भरेपर्यंत ड्रायव्हर हलेना. मी घाटावर उतरलो तेव्हा उजाडून गेलं होतं. काठावर माणसं ताटकळत उभी होती आणि चाचा फिल्टरपुढे गुडघे टेकून बसले होते. पाना बाजूला पडला होता. बनियन घामानं भिजलं होतं.

त्यांनी मान वर केली. "दत्ता, अरे किती आवळतोस! माणसानं परत उघडायचं असतं का न्हाई?"

"मी कशाला, चाचा... काल तुमीच तर..."

"माझ्या हाताचं मला कळत न्हाई काय?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कवापासून लावून राह्यला तू?"

"तुमी दवाखान्यातून आले तवापासून."

"अन् सकाळी ढिल्लं बी तूच करत व्हता."

मी मान खाली घातली. आता ते चिडतील, पाना फेकतील, असं वाटलं. त्यांनी झाकणाच्या कडेनं सावकाश बोट फिरवलं, सगळीकडून, आणि ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं.

"कोरडं हाय," ते म्हणाले.

मग हात पुसले आणि फोन काढला. "सुनो, खाना बनाके रखो. आ रहा हूँ." तिकडून चाचींनी काहीतरी विचारलं. "नहीं, जुम्मे का क्या लेके बैठी. अब कायम का."

पाना त्यांनी माझ्या हातात दिला. खोलीतून पिशवी आणली, तिची गाठ नेहमीसारखीच. मी ज्या जीपनं आलो होतो, तीच परत निघाली होती. दार त्यांनी इतक्या जोरात ओढून लावलं की ड्रायव्हर खेकसला. त्यालाही त्यांनी काहीतरी सुनावलं असावं. जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो.

मग झाकणापाशी बसलो. पाना लावला, हिसके दिले, पाय देऊन लोंबकळलो. झाकण हलेना. काठावरून ओरडा सुरू झाला, "दत्ता, निघायचं का न्हाई?" हात भरून आले, डोकं तापलं आणि सवयीनं तोंडातून निघालं, "चाचा, किती आवळता हो!"

मागं वळून बघितलं. इंजिनाशेजारची जागा रिकामी होती.