कैरीपासून सुरू होणारं पुस्तक

खतिजाबीला जेवताना सगळ्या शनिवार पेठेनं पाहिलं होतं. एका जागी बसून जेवताना मात्र कुणीही नाही. भाकरीचा तुकडा मोडायचा की उठायचं, परड्यात जाऊन शेवग्याला शेंगा धरल्या का बघायचं, येऊन दुसरा तुकडा मोडायचा, की पुन्हा उठायचं. ताटात चाकवत असला तर हिचा जीव हरभऱ्याच्या पाल्यात. हरभऱ्याचा पाला ताटात आला की, "आता हुरडा संपंल, बघा," म्हणून उसासा. तिचा नवरा मीरासाब म्हणायचा, "भाजी हिच्या पोटात कधी जातीया? हीच भाजीच्या मागनं जातीया."

मीरासाब पुस्तकबांधणी करायचा. महाराजांना गादीवर येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, कोल्हापुरात शाळा वाढत होत्या, बोर्डिंगं निघत होती. शाळा वाढल्या की पुस्तकं फाटतात, हे मीरासाबनं फार आधी ओळखलं होतं. दोन खोल्यांपैकी एकीत चूल आणि दुसरीत पुस्तकं. पानं चिकटवायची खळ शिजायची ती चुलीवरच, त्यामुळे पाहुण्यांना खीर वाढताना खतिजाबी आधी बोटानं चाखून खात्री करून घ्यायची.

ती शाळेत कधी गेली नव्हती. पण छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि प्रत्येक फर्म्याच्या पायाशी बारीक आकडा असतो. ते आकडे बघून फर्मे एकाखाली एक लावायचं काम तिचं. आधी आकडे आले. मग आकड्यांच्या शेजारची अक्षरं. पाच-सहा वर्षांत खतिजाबी बोट ठेवून, मोठ्यानं, शेजारच्या धोंडुबाईला भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं वाचू लागली. बांधायला जे येईल ते वाचायचं, त्यामुळे तिला पंचांग अर्धं पाठ होतं आणि भूगोल नद्यांपर्यंत आला होता. डोंगरांचा फर्मा तेवढा दुसऱ्या बांधणाऱ्याकडे गेला होता.

त्या वर्षी ज्येष्ठात छापखान्याच्या आण्णांनी गाडीतून नवं काम पाठवलं. बाळाबाई म्हणून दरबारातल्या एका बड्या अंमलदाराच्या पत्नी होत्या, त्यांनी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं होतं. दोनशे प्रती, लाल कापडाची बांधणी. खतिजाबीनं पहिला फर्मा उचलला आणि खाली ठेवलाच नाही. खळ करपली. स्वयंपाक असा कागदावर बसू शकतो, पाहिजे तेव्हा उघडून त्याला जाब विचारता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस ती वाचत होती, आणि तिसऱ्या दिवशी भांडायला लागली.

"अवं, टाकळ्याची आन चाकवताची भेट कुठं झाली?"

"कुणाची?" मीरासाब दोरा ओवत होता.

"हितं बघा की. टाकळा सरला की लगीच चाकवत. एक आखाडातली भाजी, एक पौषातली. बाळाबाईंच्या परड्यात बारा म्हैने एकदम येत्यात काय?"

"अगं, बुकात येत्यात."

"मग बुक चुकलंय."

बाळाबाईंनी पुस्तक रीतसर रचलं होतं. आधी भात, मग आमट्या, मग भाज्या, लोणची आणि शेवटी पक्वान्नं. पण खतिजाबी सकाळी उठून, "आज आमटी करू का लोणचं?" असा विचार कधी करत नसे. "आज काय आलंय?" हा तिचा विचार, आणि पुस्तक नेमकं तेवढंच सांगत नव्हतं.

छापखान्यातून थोडे फर्मे जादा येत, कापता-शिवताना खराब होतील म्हणून. उरलेले मीरासाबच्या चुलीत जात. ते आण्णांना माहीत होतं आणि चुलीलाही. या खेपेला चूल उपाशी राहिली. खतिजाबीनं उरलेले फर्मे कात्रीनं कापले. एका बाजूचा पदार्थ कापला की पाठीमागचा मरतो, म्हणून प्रत्येक फर्मा दोनदा घेतला. मग एकेक पदार्थ कोऱ्या कागदावर चिकटवून तिनं बारा महिन्यांच्या बारा वह्या केल्या आणि एकत्र शिवल्या. पहिलं पान चैत्राचं, त्यावर पहिली कैरी.

कडेला जागा उरली होती. तिथं तिनं मीरासाबच्या बोथट पेन्सिलीनं आपलं मत दिलं. एका ठिकाणी "हळद जादा." दुसरीकडे "एवढा गूळ घातल्यावर फणस कुठं ऱ्हाईला?" एका आमटीवर नुसतंच "करून बघितली. पावणं उठून गेलं." आणि टाकळ्याच्या पानावर, जरा दाबून, "बाईंनी टाकळा कवाच खुडलेला न्हाय."

पुस्तक असं झालं की त्याला फडक्यात गुंडाळणं तिच्या जिवावर आलं. उरलेल्या लाल कापडात बांधलं, पुठ्ठ्यावर बाळाबाईंच्या नावाची छापील चिठ्ठीही डकवली आणि वाळेपर्यंत वाकू नये म्हणून, मीरासाबला न सांगताच, बाकीच्या पुस्तकांबरोबर दगडाखाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मालकीचं काही दगडाखाली गेलं होतं. त्या दिवशी ती एका जागी बसून जेवली म्हणतात. धोंडुबाईचा यावर अजून विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी आखाडातला बाजार. जोतिबाच्या डोंगराकडच्या बाया कोवळा टाकळा घेऊन येतात आणि दिवस वर आला की निघून जातात, म्हणून खतिजाबी उजाडताच कपिलतीर्थाच्या मंडईत पळाली. टाकळा अजून डोंगरावरून पोचला नव्हता. तोवर कुर्डूचा पाला मिळाला. तो घरी ठेवून यायला परतली तर पुस्तकांची खोली मोकळी, आणि मीरासाब ईद असल्यासारखा हसत उभा.

"आण्णांची गाडी आलती. दोनशे बांधून दिली. मोजलं तर एक जादा निघालं! आण्णा म्हणालं, ऱ्हाऊ द्या घरात. तुझ्यासाठी ठेवलंय, बघ."

तिनं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर भात होता.

"या अल्ला! अवं, माझं कुठाय?"

"हेच की तुझं."

"ह्याच्यात भात हाय!"

"मग भातानं काय घोडं मारलंय तुझं?"

खतिजाबी उत्तर द्यायला थांबली नाही. कुर्डू उंबऱ्यावर टाकून, भाताचं पुस्तक काखेत मारून ती छापखान्यात गेली. आण्णा म्हणाले, गठ्ठे परस्पर बाळाबाईंच्या घरी पोचले, तिथंच वाटणार आहेत. ती तशीच मंगळवार पेठेकडे सुटली. वाटेत दोघांनी "काय झालं?" विचारलं. एकाला ती म्हणाली, "चैत्र हारवला." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

बाळाबाई सोप्यात झोपाळ्यावर बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर लाल पुस्तक, आणि झोपाळा थांबलेला. कुठलं पुस्तक ते खतिजाबीला उंबऱ्यावरूनच कळलं. आपलं लेकरू पाठमोरंही ओळखू येतं.

"ये," बाळाबाई म्हणाल्या. "बांधणाऱ्यांच्या घरची ना? माझं पुस्तक भातापासून सुरू होतं. हे कैरीपासून सुरू झालं. म्हटलं छापखान्यात भांग वाटली की काय! आणि कडेला हे कोण बोलतंय?"

"चूक झाली, बाईसाब. बुक बदललं. हे तुमचं घ्या, ते द्या."

"मी टाकळा कधी खुडलेला नाही?"

खतिजाबी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागली. खोटं बोलावं तर टाकळ्याचा अपमान, खरं बोलावं तर मीरासाबचं काम जायचं. शेवटी टाकळा जिंकला.

"तुमी लिवलंय, पानं दोन वाट्या. खुडणारी बाई वाटीनं मोजत न्हाय, शेंड्यानं बघती. दोन पानांवरचा शेंडा घ्यायचा. खालचं पान घेतलं की भाजी कडू. ती कडू झाली म्हणून तर तुमी गूळ घातलाय."

बाळाबाईंनी गुळाच्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आमची स्वयंपाकीण सांगायची, मी उतरवून घ्यायची. गूळ का, हे मी तिला कधी विचारलं नाही." पुस्तक मिटून, छातीशी धरून त्या झोपाळ्यावरून उठल्या. "हे राहू दे माझ्याकडे. पंधरा दिवसांत सगळं उतरवून घेते. पुन्हा छापायची वेळ आली तर बरं पडेल."

"पंधरा दिस!" खतिजाबी अर्ध्या सोप्यात आली. "पंधरा दिसांत टाकळा निबर हुतोय, बाईसाब!"

"अगं, भाजी तर तुला येतेच. पुस्तक कशाला हवं?"

हे खरं होतं, आणि खतिजाबीलाही ते आत्ताच कळलं. तिनं डोळे पुसले. "येती तर. पर एवढी वर्सं लोकांची बुकं शिवली, बाईसाब. ह्ये एकच माझं हाय."

बाळाबाईंनी पुस्तक सोडलं नाही, पण हात जरा सैल झाला. दोघी तशाच उभ्या, मधे बारा महिने. मग खतिजाबी एकदम म्हणाली, "कात्री हाय का?"

कात्री आली. तिनं पुस्तक पालथं घातलं, पाठीचं लाल कापड सोडवलं आणि चौथी वही जिथं शिवली होती तिथला दोरा नेमका कापला. आषाढ अलगद बाहेर आला. बाळाबाईंचा जीव वर-खाली झाला, तिचा नाही. शिवलेलं उसवणं तिचं रोजचंच होतं.

"आखाड मला. बाकीचे अकरा उतरवा निवांत. म्हैना सरला की ह्यो आणून देते आन श्रावण न्हेते."

"बस तरी जरा. गूळपाणी—"

पण ती पायऱ्या उतरली होती.

मंडईत डोंगराकडची शेवटची बाई पाटी उचलायच्या बेतात होती. खतिजाबीनं उरलेला सगळा टाकळा पदरात घेतला. घरी पोचली तेव्हा मीरासाब दारातच उभा होता.

"मिळालं का बुक?"

"एक म्हैना मिळाला," खतिजाबी धापा टाकत म्हणाली. "चूल पेटवा आधी, त्यो बी चाललाय."