चालत पाच मिनिटे

सहली काढणाऱ्या एका कंपनीत त्या गेली एकवीस वर्षं परदेशी शहरांची, बागांची, किनाऱ्यांची माहितीपत्रकं लिहीत आल्या आहेत. स्वतः एकदाही परदेशी गेलेल्या नाहीत. कचेरीत त्यांना नकाशाबाई म्हणतात. त्यात चेष्टा अर्धीच असते. लिहिण्याआधी त्या हॉटेलला फोन लावतात. लिफ्ट आहे का? समुद्र खोलीतून दिसतो की न्हाणीघराच्या खिडकीत चढून? बेटावरच्या एका हॉटेलातल्या माणसाला त्यांनी पायऱ्यासुद्धा मोजायला लावल्या आणि लिहिलं : ‘किनारा खाली, दोनशे बारा पायऱ्यांवर.’

छापून आलं : ‘किनारा चालत पाच मिनिटे.’

हे त्यांना कळलं ते थोरल्या बहिणीकडून. ताई निवृत्त शिक्षिका, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. त्या पत्रक नाचवतच कचेरीत आल्या.

“ज्येष्ठांच्या सहलीत नाव घातलं गं! पाच मिनिटं तर मी आरामात चालते. रोज सकाळी पाण्यात पाय सोडून बसणार.”

“पाच मिनिटं कुणी सांगितलं तुला?”

“तूच की! तू लिहिलंस म्हणून घेतलं. नाहीतर या लोकांवर कोण विश्वास ठेवतंय?”

नकाशाबाई ताईंना घेऊन तडक व्यवस्थापकाच्या खोलीत गेल्या. हा मालकांचा जावई, पस्तिशीतला.

“बाई, नकाशावर मोजा. तीनशे मीटर. पाच मिनिटंच होतात.”

“नकाशा सपाट असतो, साहेब.”

“पायऱ्या वाचून कोण सहलीला येईल?”

“ज्यांना चढता येतात ते. बाकीच्यांना तिथं नेऊन काय दाखवणार, कठडा?”

“थोडे पाय दुखतील. लोक एवढं मनावर घेत नाहीत हो.”

या धंद्यात हे राजरोस चालतं. बाग दुरुस्तीसाठी बंद असली तरी ‘बागांचं शहर’ छापतात. ‘निवांत किनारा’ म्हणजे जिथं साधी मुतारी नाही. माणूस आयुष्यात एकदा परदेशचा समुद्र बघायला निघतो, आणि त्याच्या गुडघ्यांचा निकाल फिरत्या खुर्चीत बसून कुणी तिसराच लावतो.

“चला,” नकाशाबाई म्हणाल्या. “आपल्या इमारतीच्या गच्चीपर्यंत दोनशे सहा पायऱ्या आहेत. सहा कमी, ती तुम्हाला सवलत.”

ग्राहकासमोर नाही म्हणता येईना. सगळी कचेरी जिन्यापाशी जमली. ताई तळमजल्यावर खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसल्या आणि त्यांनी नियम सांगितला : “माझ्यासारखं चढायचं. एक पाय ठेवायचा, दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, मग पुढची पायरी. कठडा सोडायचा नाही.”

जावईबापू हसत निघाले. दुसऱ्या मजल्यावर हसणं थांबलं. तिसऱ्यावर कोट काढला. चौथ्यावर पोचले तेव्हा खालून ताईंचा वर्गातला आवाज आला, “पाच मिनिटं झाली हो, साहेब! आलं का हॉटेल?”

ते तिथूनच लिफ्टने खाली आले.

“ठीक आहे. चार हजार प्रती तर छापून झाल्यात. पण पुढच्या वेळी ‘किनाऱ्याकडे जाणारी रमणीय पायवाट’ असं टाकू.”

“रमणीय?” नकाशाबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “म्हातारी माणसं मधेच बसकण मारतील, ते रमणीय?”

“माझं नाव काढा,” ताई म्हणाल्या.

“ताई, असं काय करता? दुसरं शहर देतो. किनारा अगदी सपाट.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो ना.”

“मग नकोच.”

ताई त्या वर्षी कुठंच गेल्या नाहीत. सहलीतल्या उरलेल्या पंचवीस जणांना नकाशाबाईंनी दुसऱ्याच दिवशी, कचेरीच्या वेळेत, कचेरीच्याच फोनवरून पायऱ्यांचा आकडा कळवला. आठ जणांनी नावं काढली. एक आजोबा म्हणाले, मला चढायलाच आवडतं, बरं झालं सांगितलंत.

व्यवस्थापकांनी लेखी जाब विचारला : कंपनीचं नुकसान होईल अशी माहिती ग्राहकांना का दिली? नकाशाबाईंनी त्याच कागदाखाली उत्तर लिहिलं, “ती माहिती त्यांचीच होती,” आणि सही करून कागद परत पाठवला.