हसमुखभाईंची राणी आणि माझी एकच साइट

आता काय सांगू तुम्हाला! आधी हसायचं नाही असं कबूल करा, मगच तोंड उघडतो.

मी एक वेबसाइट काढली होती. का? तर आमच्या बडोद्यात छंदिष्ट माणसं पैशाला पासरी, आणि प्रत्येकाचा सुभा वेगळा. कुत्रेवाले एकीकडे, गच्चीवर वांगी लावणारे दुसरीकडे, पाककृतीवाल्या बायका तिसरीकडे. म्हटलं, सगळ्यांना एका मांडवाखाली आणू. विभाग-बिभाग काही नाहीत. ज्याला जे विचारायचंय ते एकाच पानावर विचारायचं, आणि ज्या उत्तराला जास्त पसंती ते सगळ्यात वर.

शेजारच्या हसमुखभाईंनाही बळेच सभासद करून घेतलं. जैन माणूस, कांदासुद्धा न खाणारा, आणि छंद एकच, गोल्डफिश.

"सबनीसभाई, आमची गोल्डफिशवाल्यांची नानी, छोटीशी साइट छे ने. मला ती पुरे."

"एका माशासाठी अख्खी साइट? मग उद्या भेंडीची एक काढा नि गवारीची एक!"

ते नुसते हसले. पुढच्याच आठवड्यात लग्नासाठी राजकोटला जाताना आपली राणी काचेच्या टाकीसकट माझ्या हवाली करून गेले. पोटच्या पोरीसारखी जपलेली हो ती!

राणी काचेशी आली की मला वाटायचं, भूक लागली बिचारीला. मी चिमूटभर टाकायचो. ती परत यायची, मी परत टाकायचो. थोड्याच दिवसांत तिचं पोट टम्म फुगलं आणि ती तळाशी आडवी झाली. हसमुखभाईंना काय तोंड दाखवणार?

घाईघाईत माझ्या साइटवर लिहिलं, "राणी खात नाही. पोट फुगलंय. पडून आहे. उपाय सांगा!"

उत्तरं धडाधड आली. "पट्टा बांधून चक्कर मारून आणा." "पोटाला हिंग लावा." सयाजीगंजच्या एका गृहस्थांचं तर, "माती बदला, मुळं कुजली असतील."

राणी म्हणजे कोण, ते मी लिहिलंच नव्हतं! पुन्हा लिहिलं, "अहो, मासा आहे, मासा!"

झालं! पाककृतीवाल्या जाग्या झाल्या. अलकापुरीच्या प्रधानबाईंनी लिहिलं, "ताजा आहे तोवर करून टाका. कोकम, लसूण, वर तेलाची धार." याला इतकी पसंती मिळाली की ते सगळ्यात वर जाऊन बसलं. तिथून काढायची सोय मीच ठेवली नव्हती.

साइटवर पत्ता माझ्याच घराचा होता. संध्याकाळी बाई कोकमाची बरणी घेऊन दारात हजर.

"कुठाय मासा?"

"बाई, तो पाळलेला आहे!"

"मग तर ताजाच असणार," म्हणत त्या आत शिरल्या आणि टाकीत डोकावल्या. "अगोबाई, एवढीशी? चार माणसांना कशी पुरणार?"

बायकोने त्यांना चहा दिला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट्याने आतल्या खोलीत गेलो.

शेवटी मान खाली घालून गोल्डफिशवाल्यांच्या त्या नानी साइटवर गेलो. खरं नाव कशाला सांगा? 'एक मत्स्यप्रेमी' म्हणून शिरलो आणि राणीचा फोटो टाकला. उत्तर लगेच आलं, "जास्त खायला घातलंय. दोन दिवस उपास. मग उकडलेला वाटाणा सोलून, कुस्करून द्या."

तसं केलं. राणी हळूहळू वर आली, शेपटी हलवायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. त्या अनोळखी जाणकाराला लिहिलं, "आपण अगदी देवासारखे धावून आलात!"

तिकडून उत्तर आलं, "हूं देव नथी, हसमुख छूं. राणी बरी झाली ने, सबनीसभाई? मग आता त्या कोकमवाल्या बेनना तेवढं कळवून टाका."