गोर्रा डोंगरावरचे घरजावई

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं. गोर्रा डोंगराच्या अगदी वरच्या तालीवर खमिसा उकिडवी बसली आहे. एका हातात हिरवट-पिवळं अंजीर, दुसऱ्या हातात कांदे चिरायची सुरी. अंजीर नर झाडाचं आहे, ते कुणी खात नाही. खमिसा ते मधोमध चिरते आणि उजेडाकडे धरते. उंबर फोडून केंबरं, म्हणजे आतले बारीक उडते किडे, काढू नयेत म्हणतात. खमिसाचं निम्मं आयुष्य तेच करण्यात गेलं आहे.

काल चिरलेल्या फळातली केंबरं पांढुरकी होती, निजलेली. आजची काळी आहेत, चालताहेत, आणि अंगाला पराग माखलाय.

"उठलं का गं वऱ्हाड?" खालच्या पायरीवरून वसीला विचारते. ती शेजारीण. एरवी दोघींचं पाटाच्या पाण्यावरून भांडण, पण जूनमध्ये तोडणीला एकत्र.

"उठलंय. पावडर लावून तयार आहे."

"देवा रे, लाज राखलीस." वसीला टोपली उचलते.

प्रश्न लाजेपेक्षा मोठा होता. खालच्या बागांतली मादी झाडांची अंजिरं आता बोराएवढी झाली होती. केंबर त्यांच्या डोळ्यातून, म्हणजे टोकाच्या बारीक भोकातून, आत शिरलं, पराग पोचला, तर ऑगस्टमध्ये फळ. नाही शिरलं तर अंजीर पिवळं पडतं आणि गळून जातं. मुदत आठवडाभराची. गावातली नर झाडं खालीच, ओढ्याच्या कडेला. मेच्या शेवटी शहिली सुटला, वाळवंटाकडून येणारा तो भट्टीसारखा वारा, आणि त्यांची फळं दोन आठवडे आधीच पिकली. केंबरं उडाली, बागांतून फिरली आणि मेली. वरात दारात आली तेव्हा मांडवच घातलेला नव्हता. बाजारात दरवर्षी नर अंजिरांच्या माळा विकायला येतात. या वर्षी तिथंही टोपल्या रिकाम्या.

उरली ती वरच्या तालीवरची झाडं. हवा इथं गार, म्हणून सगळं उशिरा. ही झाडं खमिसाच्या हट्टाची.

चार वर्षांपूर्वी अंजीरवाल्यांच्या गटाला पैसे मिळाले होते. छोट्या बागायतदारांनी उष्णतेत आणि अवर्षणात तग धरावा म्हणून. झऱ्याचा पाट नीट बांधून घेतला, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. उरलेल्या पैशांवरून बैठक तापली. खमिसा म्हणाली, वरच्या तालीवरही नर झाडं लावू. खालची लवकर पिकली तरी वरची शिल्लक राहतील.

गटाचा प्रमुख तिचाच धाकटा दीर, लझार. त्याला हसू आवरेना.

"वहिनी, ज्याचं फळ गाढवसुद्धा खात नाही, त्यावर पैसे घालू?"

"घाल. बाग लावताना आपण गाढवाला विचारलं नव्हतं."

"पाणी पिणार, जागा अडवणार, काम वर्षातून एक दिवस. ही झाडं आहेत की घरजावई?"

पैसे देणाऱ्या संस्थेकडून आलेल्या बाईंनी विचारलं, झाडामागे उत्पन्न किती? खमिसा म्हणाली, काही नाही. बाईंनी वहीत शून्य लिहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे हा विमा झाला. वापरावा लागू नये, पण असावा." पैसे मंजूर झाले. नाव मात्र घरजावईच पडलं. वरच्या तालीला पाट पोचत नाही, म्हणून दोन उन्हाळे खमिसाने खेचरावरून पाणी नेलं. वाटेत कॉफीच्या दुकानातून लझार हाक मारायचा, "जावईबापू बरे आहेत ना?"

आज टोपल्या भरल्या तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. अर्ध्या टोपल्या डोंगरउतारावरच्या बागांसाठी, त्या दोघी चालत नेणार होत्या. उरलेल्या लझारच्या बंद व्हॅनमध्ये चढल्या. ओढ्याकाठच्या बागा लांब. तिथं त्याचीही झाडं होती आणि खमिसाचीही.

"सरळ जा," खमिसाने बजावलं. "ऊन तापायच्या आत माळा टांगल्या पाहिजेत."

"मला शिकवतेस? जन्म इथंच गेला माझा."

सात वाजता, उतारावरच्या माळा टांगून होतात तोच, खमिसाचा फोन वाजला. लझार कुजबुजत होता.

"वहिनी, एक गंमत झालीय."

"कॉफी प्यायला थांबलास."

"पाचच मिनिटं! सगळे विचारत होते, वर फळ धरलं का म्हणून. सांगायला नको? गाडी उन्हात होती, काचा बंद. आता आत बसलोय तर... सगळं वऱ्हाड गाडीत सुटलंय. मिशीत आहेत, कानात आहेत. काच खाली करू?"

"खबरदार! काच उघडलीस तर दुकानदाराच्या टेबलावर लग्न लागेल."

"मग करू काय?"

"तोंड मिटून गाडी चालव. बागेत ये."

खमिसा आणि वसीला उतारावरून धावत निघाल्या. दोघींच्या वयाची बेरीज सव्वाशेच्या पुढे. वसीलाची एक चप्पल पाटात गेली, ती घ्यायला कुणी थांबलं नाही. ओढ्याकाठी पोचतात तो व्हॅन आलीच. चाक धरून बसलेला लझार, डोळे बारीक, ओठ आवळलेले, आणि काचेच्या आतून काळे ठिपके सरपटताहेत.

"मागे घे! अजून मागे! झाडांच्या मधे!" खमिसाने हात हलवत त्याला बागेच्या मध्यावर आणलं. मग मागचे दोन्ही दरवाजे सताड उघडले.

धूर निघावा तसा एक बारीक ढग बाहेर पडला, क्षणभर रेंगाळला आणि फांद्यांत विरला. वसीलाने लग्नातल्यासारखी जीभ फिरवून लांबलचक ललकारी दिली. पलीकडच्या बागेतून कुणीतरी उत्तर दिलं, कुणाचं लग्न आहे ते न विचारताच.

"नवरदेवाची गाडी म्हणून फुलं तरी लावायचीस," वसीला म्हणाली.

लझार मिशी झटकत होता. "शिंकलो नाही वाटेत. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा."

"ठेवू हो," खमिसा म्हणाली. "तुझ्या नाकातून गेलेल्यांचा हिशोब तेवढा कुणाकडे मागायचा?"

टोपल्यांत अजून न फुटलेली फळं बरीच होती. तिघांनी ती गवताच्या दोऱ्यांत ओवली आणि झाडाझाडावर टांगली. साडेआठला खमिसा मादी झाडांच्या फांद्या वाकवून एकेक अंजीर बघू लागली. चौथ्या अंजिराशी ती थांबली.

"लझार, इकडे ये. चष्मा लाव."

अंजिराच्या डोळ्याशी एक पारदर्शक पंख अडकला होता. आत शिरताना केंबराचे पंख तुटतात, ते असे दाराशी राहतात. आत गेलेलं परत येत नाही. पुढच्या फांदीवर आणखी दोन पंख होते. वरच्या फांदीवर एक केंबर अजून अर्धं बाहेर होतं, रेटा देत.

लझारने बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

न्याहारीला झाडाखाली मातीच्या भट्टीतली तबूना रोटी, ऑलिव्ह तेल आणि हरीसाची तिखट लाल चटणी. लझारने तिसरा तुकडा तेलात बुडवला आणि पाटाकडे बघत म्हणाला, "वहिनी, हिवाळ्यात फांद्या छाटशील तेव्हा काड्या फेकू नकोस. माझ्याही वरच्या तालीला जागा आहे."

"घरजावयांना?"

"हं."

"आणि त्यांना पाणी कोण घालणार?"

"मी."

"खेचरावरून?"

"खेचरावरून. कॉफीच्या दुकानासमोरून. झालं समाधान?"

"दुकानासमोरून जाशील तेव्हा मी तिथं बसलेली असेन," वसीला म्हणाली. "जावईबापूंची चौकशी करायला."

वरच्या तालीवरची निम्मी फळं अजून कच्ची आहेत. त्यातलं एक खमिसाने निघताना चिरून बघितलं होतं. केंबरं पांढरी होती, पण त्यांचे डोळे काळे झालेले. म्हणजे उद्या. तोडणी पुन्हा पावणेपाचला. व्हॅन येणार नाही. लझारने खेचर सांगून ठेवलं आहे.