फोनवर पाय दिसत नाय

समोरच्याचा कॉम्प्युटर आपल्या पडद्यावर उघडला की साळवे सर आधी तक्रारीकडे बघतच नसत. ते बघत मागचा फोटो. कुणी लेकाच्या लग्नातला लावलेला असे, कुणी दारात उभ्या केलेल्या नव्या ट्रॅक्टरचा, कुणी जायकवाडीला सहलीला गेलेल्या घरच्यांचा. तो नीट बघून झाला की सर फोनमध्ये म्हणत, "पोरगी लई मोठी झाली की हो तुमची." मग 'सर, सगळं गेलं' म्हणून कासावीस झालेला पलीकडचा माणूस पोरीच्या शाळेबद्दल बोलू लागे. त्याचा आवाज खाली आला की सर म्हणत, "आता माउस सोडा. मी धरलाय."

आमची एक पतसंस्था आहे. मुख्य कार्यालय गारखेड्यात आणि शाखा पैठण, खुलताबाद, कन्नड, बिडकीन अशा विखुरलेल्या. संस्थेचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे जिन्यामागची एक खोली, तिच्यात साळवे सर आणि मी. मी पॉलिटेक्निक करून नुकतीच लागले होते. सरांना माझ्याहून थोडी लहान मुलगी होती, तरी ते मला पहिल्या दिवसापासून मनीषाताई म्हणत. सकाळी मी पोचायच्या आधीच ते खुर्चीत बसलेले असत. लोखंडी वॉकर भिंतीला टेकवलेला असे आणि डावा पाय एका रिकाम्या खोक्यावर सरळ ठेवलेला.

पूर्वी सर मोटरसायकलवरून सगळ्या शाखा फिरत. पैठण रोडला एका टेम्पोनं त्यांना उडवलं. पायात सळ्या पडल्या, कमरेलाही मार बसला. ही हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही अशी: "टेम्पोनं उडवलं. लॅपटॉप वाचला." दवाखान्यातून परत आल्यावर संस्थेनं त्यांना घरी बसवायचंच ठरवलं होतं. जिने चढता येत नाहीत, शाखांवर जाता येत नाही, मग हा माणूस करणार काय, असा प्रश्न होता. तेव्हा सरांनी संचालकांसमोर एक गोष्ट करून दाखवली. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक मदतीचं छोटं ॲप आधीपासूनच असे. शाखेतल्या माणसानं ते उघडायचं, सरांनी फोनवर सांगितलेला कोड टाकायचा, की त्याचा पडदा इथं गारखेड्यात दिसायचा आणि इथून चालवताही यायचा. सरांनी बसल्या जागेवरून कन्नडचा बंद पडलेला प्रिंटर सुरू केला. नोकरी राहिली.

तेव्हापासून सर खुर्चीतून उठले नाहीत आणि सगळ्या तालुक्यांत फिरत राहिले. शाखांमधली निम्मी माणसं अपघातानंतर लागलेली होती. त्यांनी सरांना पाहिलेलं नव्हतं आणि सरांनीही त्यांना फोटोतच पाहिलेलं. पैठणच्या खराद मॅडमची गोष्ट मला चांगली आठवते. त्यांच्याकडून एकदा सगळ्या खात्यांवर दोनदा व्याज पडलं. बाहेर खातेदार उभे, आणि मॅडम फोनवर रडायला लागल्या. सर म्हणाले, "मॅडम, रडायचं असंल तर रडून घ्या. मी हाये लाईनवर, कुठं जात नाय." आणि खरंच फोन कानाला धरून गप्प बसले. मग दुपारपर्यंत एकेक नोंद उलटवत गेले. सचिवसाहेबांनी विचारलं, कुणाची चूक. सर म्हणाले, "दुरुस्त झाली, साहेब."

मग एका सकाळी खुलताबादहून मोमीनभाईंचा फोन आला. मोमीनभाई तिथले रोखपाल. सरांनी नेहमीसारखं ॲप उघडायला सांगितलं.

"सर, काही भलतंच लिहून आलंय," मोमीनभाई म्हणाले. "हे बंद झालं, नवीन घ्या म्हणतंय."

जुनं ॲप ते बनवणाऱ्या कंपनीनं बंद केलं होतं. नवं स्टोअरमधून उतरवून घ्यायचं होतं, आणि शाखांमधल्या कॉम्प्युटरवर स्टोअर बंद होतं. ते सरांनीच कधीतरी बंद केलं होतं, कुणी भलतंसलतं काही उतरवून घेऊ नये म्हणून. उघडायचं तर मुख्य पासवर्ड हवा, आणि तो फक्त आमच्या खोलीत. आधी जुन्या ॲपमधूनच सर आत जाऊन तो टाकत. आता आत जायची वाटच बंद.

दुपारपर्यंत फोनांची रीघ लागली. सर डोळे मिटून प्रत्येकाला विचारत, "खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय? नाय, त्याच्या वर. त्याच्या शेजारी." पलीकडून भलतंच काही सांगितलं जाई. इतकी वर्षं न चिडलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा एकाला म्हणाला, "तुमच्याच डोळ्यापुढं हाय ना, मग बघून सांगा." लगेच त्यांनी माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले.

संध्याकाळी सचिवसाहेब खोलीत आले. माणूस वाईट नव्हता, पण शाखांचं काम अडलं होतं. "साळवे, पासवर्ड फोनवर सांगून टाका. दहा मिनिटांचं काम आहे."

"नाय जमणार, साहेब."

"का?"

"लोकांच्या ठेवी हायेत त्यात. एकदा तोंडातनं गेला की तो कुणाचाच राहत नाय."

"मग शाखांवर कोण जाणार?"

"मी जातो," सर म्हणाले.

ते असं म्हणतील हे मला अपेक्षित नव्हतं, सचिवसाहेबांनाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून खुलताबादला निघालो. घाट चढताना गचके बसत होते आणि सर दोन्ही हातांनी पाय धरून बसले होते. आमची शाखा पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद, दगडी. सर वॉकर घेऊन खाली उभे राहिले. एक पायरी चढले. दुसरीवर वॉकर टेकायला जागाच नव्हती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ताई, तुम्ही वर जा. पासवर्ड तुम्हाला ठाऊकच हाय."

मी वर गेले. काम खरंच दहा मिनिटांचं होतं. खाली आले तर सर शेजारच्या चहाच्या दुकानात बाकावर बसले होते आणि समोर मोमीनभाई उभे होते. पांढरी दाढी, अंगात स्वेटर. त्यांची नजर वॉकरवरून हलत नव्हती.

"इतकी वर्षं बोलतोय आपण," मोमीनभाई म्हणाले. "तुम्ही कधी बोलला नाही, साळवे साहेब."

"फोनवर पाय दिसत नाय," सर म्हणाले. "बसा. चहा घ्या."

मोमीनभाई बसले, पण बोलणं काही पुढं गेलं नाही. फोनवर एकमेकांच्या घरातलं सगळं विचारणारी ही दोन माणसं समोरासमोर आल्यावर अनोळखी झाली. चहा संपल्यावर मोमीनभाईंनी सरांना रिक्षात बसायला हात दिला. सरांनी तो घेतला.

बाकीच्या शाखांवर मी एसटीनं एकटीच गेले. नवं ॲप सगळीकडे बसलं, पण त्याच्या कुरबुरी संपेनात. कधी ते लॉगिनच घेईना, तर कधी शाखेतल्या नेटवर पडदा उमटेपर्यंत माणूस फोन ठेवून देई. असे काही आठवडे गेले आणि संचालकांनी एका बाहेरच्या एजन्सीला काम दिलं. तिची स्वतःची व्यवस्था होती, पोरं मोटरसायकलवर फिरणारी. मला एजन्सीशी बोलण्यापुरतं ठेवलं. सरांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. मी सचिवसाहेबांकडे जाऊन बोलले. ते म्हणाले, "काढलं तर नाही ना त्यांना? मलाही वाईट वाटतं. पण शाखा बंद ठेवता येत नाहीत."

आवक-जावकचं टेबल दारापाशी होतं. सर टपालावर शिक्के मारत. त्यांच्या मोबाइलवर शाखांचे फोन येतच राहिले, कारण लोकांना एजन्सीचा नंबर नको असे. सर शांतपणे सांगत, "मला तुमचं आता काही दिसत नाय. तिकडं लावा." पुढं पुढं त्यांनी फोन उचलणंच सोडलं. मी चहा घेऊन गेले की "बरं चाललंय, ताई" म्हणत आणि शिक्क्याची शाई बघत बसत. एका सोमवारी ते आले नाहीत. पायात झालेली रक्ताची गाठ सुटून छातीत गेली होती. घाटी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरापुढच्या मांडवात शाखांमधून बरीच माणसं आली. भन्तेजींनी वंदना घेतली. नंतर लोक एकेक करून फोटोपुढं जाऊन उभे राहत होते. खराद मॅडम तिथं बराच वेळ थांबल्या. मला म्हणाल्या, "आवाजावरनं मला वाटायचं, उंच असतील." सरांना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग त्या सरांच्या पत्नी सुनंदावहिनींजवळ जाऊन बसल्या. वहिनी त्यांना नावानं ओळखत होत्या. "तुमचं लई सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "पैठणच्या मॅडम असं म्हणल्या, तसं म्हणल्या."

"टेबल बदललं आणि सरांचं बोलणंच तुटलं बघा," खराद मॅडम म्हणाल्या. "फोन उचलेनात. आम्हाला वाटलं, रागावले."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "कुठलं टेबल?"

तेव्हा मला कळलं की सरांनी घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. रोजच्या वेळेला लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून ते निघत आणि संध्याकाळी परतत. मी वहिनींना थोडक्यात सांगितलं. जुनं ॲप बंद पडल्याचं, एजन्सीचं, शिक्क्यांचं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, पाय दुखतोय. मी रोज तेल चोळत राहिले. ते बी चोळू द्यायचे."