लाखेचा जोड

तेरा एप्रिल, रविवार. ठरलेली रक्कम आठशे रुपये: तीनशे साफसफाईचे, पाचशे जोडकामाचे. हजर आम्ही चौघं: मी, बडनेऱ्याला रेल्वेत असलेले माझे यजमान, त्यांच्याच खात्यातले एक सहकारी आणि त्या सहकाऱ्यांची अकोल्याला दिलेली मुलगी. काम हाती घेण्याआधी एवढं बोलून घ्यायची मला सवय आहे. बाई घरात बसून करते म्हटलं की लोकांना ते काम फुकटचं वाटतं.

माझं काम म्हणजे खराब झालेले स्फटिक स्वच्छ करणं आणि तुटलेले जोडणं. याची सुरुवात यजमानांच्या डब्याच्या पिशवीतून झाली. रुळांखाली टाकायच्या खडीत कधीकधी पोकळी असलेला काळा दगड निघतो आणि त्या पोकळीत साखरेसारखे चमकणारे खडे असतात. हे ते घरी आणत आणि मी धूत असे. पहिले काही मी चुकीच्या पद्धतीनं धुऊन वाया घालवले, मग शिकले. आता अमरावतीचे लोक आणून देतात, अकोल्याहूनही येतात. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत एक टेबल, एक भिंग आणि लहान मुलांचे मऊ दात-ब्रश एवढंच माझं सामान.

त्या मुलीनं आधी फोन केला होता. "काकू, आमच्या घरची गार फुटली."

आमच्याकडे विहिरीत, शेतात, नाल्यात निघणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या चमकत्या दगडाला गार म्हणतात. खरी गार, म्हणजे गारगोटी, टणक असते. गंज काढायच्या आम्लात रात्रभर ठेवली तरी तिला काही होत नाही. पण तिच्यासारखेच दिसणारे बाकीचे दगड त्याच आम्लात आंधळे होतात, काही तर विरघळतात. म्हणून गार म्हटलं की मी हो म्हणते आणि त्या शब्दावर अजिबात विसंबत नाही.

रविवारी तिनं स्टीलचा डबा उघडला. आत जुन्या लुगड्याच्या घडीत वाटीएवढा काळा दगड होता, त्यावर दुधी रंगाच्या टोकदार खड्यांचा झुबका. मधला सगळ्यात मोठा खडा, माझ्या मधल्या बोटाएवढा, बुडापासून निघून वेगळा पडला होता. सगळ्यावर धुळीचा आणि अगरबत्तीच्या काजळीचा चिकट थर.

दगड तिच्या सासूबाईंचा. चांदूर बाजारकडे त्यांचं माहेर; तिथली विहीर खोदताना तो निघाला आणि लग्नात वडिलांनी त्यांना दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवून एस.टी.नं अकोल्याला आणला आणि तेव्हापासून तो बैठकीत तसबिरीखाली आहे. सासूबाई आपल्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, महिनाअखेरीला परतणार होत्या. सुनेच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात तिला बजावलेलं होतं की त्याला हात लावायचा नाही.

"जोड दिसला नाही पायजे काकू," ती म्हणाली. "आई आल्या तं त्याइले समजलं नाही पायजे."

"तुले सांगतलं होतं नं त्याइनं?" तिचे वडील मध्येच बोलले. "मंग काहून लावला हात?"

"धूळ होती बाबा, केवढी!"

"आता बस पुसत."

मी म्हटलं, "जोड होता होईल तेवढा दिसू देणार नाही. पण मला कोणी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"तुमाले कोन इचारते बाई, अकोल्याहून येऊन," वडील हसले. दुसऱ्या दिवशी जयंती. मंडपाचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे चहा अर्धा टाकूनच ते उठले. मुलगी दारातून परत आली आणि हळूच म्हणाली, "नवऱ्यालेबी नाही सांगतलं मी. तुमच्यावरच आहे आता."

मी आधी दगडाच्या पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी, व्हिनेगरचा एक थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले. म्हणजे गार नव्हे, चुनखडीच्या जातीचं कॅल्साइट. गंजाचं आम्ल बाजूला ठेवलं. राहिलं कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि ब्रश. खड्यांच्या बेचक्यातली काजळी बांबूच्या काडीनं काढावी लागते. सुई लावली की चरा पडतो. आमच्या नळाच्या पाण्याचे पांढरे ठिपके सुकल्यावर दिसतात, म्हणून शेवटचं धुणं इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्यानं. मग सावलीत सुती फडक्यावर. तिसऱ्यांदा धुतल्यावर खालून असा रंग निघाला की मी यजमानांना हाक मारली. दुधावर किंचित मधाची छटा.

जोडण्याआधी दोन्ही तुटकी तोंडं भिंगाखाली धरली. दोन्हींवर तांबूस तपकिरी डाग होता. आधी मला तो तांबड्या मातीचा वाटला, पण माती भिंगाखाली चमकत नाही. सुईचं टोक मेणबत्तीवर तापवून डागाला लावलं. धुराची एक बारीक रेघ निघाली आणि तो वास मी लगेच ओळखला. लहानपणी पोस्टात पार्सलच्या गाठीवर शिक्का मारताना यायचा तोच. लाख. खात्रीसाठी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कडेला टेकवलं. बोळा तांबडा झाला.

म्हणजे हा खडा पूर्वीच कधीतरी तुटलेला होता आणि कुणीतरी लाखेनं बसवला होता. सोनार पोकळ मण्यांत लाख भरतात, तसलंच काम होतं, आणि सुबक होतं. अकोल्याच्या उन्हाळ्यांनी ती लाख थोडीथोडी सैल झाली असणार. फडक्याचा धक्का नुसतं निमित्त.

मुलीची चूक नाही म्हणून मला बरं वाटलं. पण कामही तिथेच थांबलं. पक्का जोड द्यायचा तर जुनी लाख पूर्ण काढावी लागते, आणि आधी कुणी केलेला जोड मी मालकाला विचारल्याशिवाय काढत नाही. मालक सून नव्हती.

"त्या पोरीचा जीव टांगणीले लागला अन् तुले मालक आठवून राहिला?" यजमान म्हणाले.

"मालक आहे म्हणून आठवतो."

"दे चिकटवून, अन् विसर."

मी मुलीला फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे म्या नाही फोडली?"

"तुटलेलीच होती. जोड सुटला."

"मंग चिकटवा नं काकू! आता तं माही चूकच नाही."

"चूक नाही तर सांगायला काय हरकत आहे?"

"तुमी ओळखत नाही त्याइले."

ते खरं होतं. मी म्हटलं, "मी त्यांना फोन करणार नाही. पण लाख काढायची तर त्यांनी हो म्हटलं पाहिजे. तोवर दोन्ही तुकडे माझ्याकडे नीट राहतील." तिनं बरं म्हणून फोन ठेवला आणि पुढे बरेच दिवस केला नाही. तिचे वडील यजमानांबरोबर चहाला येईनासे झाले. यजमान घरी आले की तेवढंच सांगत, "आजबी नाही आला." मी पोळ्या करताना विचार करायची की आपण उगाच ताणलं का. पण तुकड्यांना हात लावला नाही.

महिनाअखेरीला एका सकाळी दोघी आल्या. अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो. सासूबाई ठेंगण्या, काटक. पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"हिनं काल रात्री सांगतलं मले," त्या म्हणाल्या. "मूर्तिजापूर येईलोक मी बोलली नाही हिच्याशी. कुठं आहे?"

मी पांढऱ्या फडक्यावर दोन्ही तुकडे मांडले. तुटलेल्या जागेकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"माय वो! एवढी पांढरी होती का हे?"

मग मी लाखेचं सांगितलं. त्यांना वाटलं मी सुनेला वाचवायला काही रचून सांगते आहे. तसं तोंडावरच म्हणाल्या, "हिनं पढवलं काय तुमाले?" मी सुई तापवून पुन्हा लावली आणि दगड त्यांच्या नाकाशी धरला. त्यांनी दोनदा वास घेतला.

"लाखच आहे," त्या म्हणाल्या. "पण म्या नाही लावली. आमच्या घरी कोनीच नाही लावली. मायेरून आली तशीच आहे हे." आणि एकदम थांबल्या. "बाप्पा! म्हणजे बुढ्यानं फुटकीच देली मले!"

सून घाबरून माझ्याकडे पाहू लागली. सासूबाई हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग डोळे पुसले.

"लग्नाच्या वक्ती सोनार बसला होता आमच्या ओट्यावर, गळ्यातल्या एकदानीचे मनी भरत. त्याच्याकूनच करून घेतलं असन. मले बोललाबी नाही."

"आई, तुमी नको म्हटलं होतं, तरी म्या हात लावला," सून म्हणाली.

"लावला तं लावला. पडन म्हणून मी कधी पुसली नाही ते. पाह्य, केवढी मयली करून ठेवली होती म्या."

मी कामाचं विचारलं. लाख काढून पारदर्शक डिंक लावला तर जोड पक्का होईल. लाखेनं केला तर मे महिन्यात पुन्हा सुटू शकेल.

"बुढ्यानं लाखेनं जोडली नं? मंग लाखच लावा."

"सुटेल, ताई."

"उन्हातून काढून आतल्या खोलीत ठेवू. मंग नाही सुटत."

लाखेचं काम मला येत नाही, तसं सांगितलं. सासूबाई सुनेकडे वळल्या. "सराफ्यात आपला सोनार आहे, त्याच्याकडं तूच ने. माह्यानं जिना नाही चढवत. अन् आनल्यावर ठेवजो बी तूच."

सुनेला मी सोनारासाठी सांगितलं: लाख वेगळी तापवायची, खड्याला आच लावायची नाही, नाहीतर तडकतो. तिनं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. डबा सासूबाईंनी हातात घेतला नाही. तो तिनंच उचलला.

साफसफाईचे तीनशे रुपये सासूबाईंनी मला दिले. जोडकाम मी केलं नाही, म्हणून ते पाचशे घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात सुनेचा फोन आला, खडा नीट बसला म्हणून. सोनारानं लाखेचे पन्नास रुपये घेतले. ते तिनं दिले.